आजीच्या सवतीची किंमत

खंडेनवमीच्या सकाळी कुरुदच्या त्या घरात पाट मांडला जातो. पाटावर लाल कापड. कापडावर विळी, कोयता, धाकट्या मुलाची पाने-पक्कडांची पेटी, नातीचं व्हर्नियर कॅलिपर आणि या सगळ्यांच्या मधोमध एक दुनळी बंदूक. आजी एकेकाला हळदीकुंकू लावत जातात. दुनळीपाशी आल्या की हात क्षणभर थांबतो आणि दरवर्षीचं वाक्य येतं, “घ्या बाई, तुम्हालाही घ्या. माझ्यामागून आलात आणि तेल-पाणी मात्र माझ्यापेक्षा जास्त तुमचंच!”

बंदुकीला आजी ‘सवत’ म्हणतात. १९७४ साली सासरे गेले आणि त्यांची दुनळी रीतसर परवाना करून घरी आली. तेव्हापासून दर रविवारी आजोबा तिला पुसतात आणि पावसाळ्यात शिलाई मशीनचं तेल लावून मऊ फडक्यात गुंडाळतात. निवडणूक जाहीर झाली की स्वतः नेऊन पोलीस ठाण्यात जमा करतात, पावती जपून ठेवतात आणि निकाल लागल्यावर परत आणतात. २०२३ची विधानसभा आणि २०२४ची लोकसभा अशा दोन निवडणुका सहा महिन्यांच्या आत आल्या, तेव्हा आजींनी शेजारणीला सांगितलं होतं, “आमची सवत यंदा दोनदा माहेरपणाला गेली.”

आजोबांनी ऐंशी ओलांडली आहे. परवान्याचं पुढचं नूतनीकरण जवळ येतंय. आपल्यामागं ही कुणाची, हा प्रश्न त्यांनी गेल्या वर्षी स्वतःच घरात काढला आणि घर ढवळून निघालं.

भंडाऱ्याहून भिलाईला

दुनळी घेतली ती आजोबांच्या वडिलांनी, १९३८ साली. वैनगंगेच्या काठी त्यांची मालगुजारी होती. मालगुजारी म्हटल्यावर डोळ्यांसमोर वाडा आणि हत्ती येतात, तसं काही नव्हतं. धानाची जमीन, चार बैलजोड्या आणि रात्री बांधीत शिरणारी रानडुकरं. एका रात्रीत कळप आला की वर्षाचं धान लोळवून जायचा. गावात एक ठासणीची बंदूक होती, पण तिच्यात दारू ठासून होईपर्यंत डुकरं नदीपार. म्हणून काडतुसाची हवी होती, आणि एक बार चुकला तर दुसरा हाताशी असावा म्हणून दुनळी हवी होती.

तो काळ १८७८च्या शस्त्र कायद्याचा. हिंदी माणसाला परवान्यासाठी साहेबाच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. भंडारा त्याच प्रांतात आणि दुर्गही त्याच प्रांतात. १९५१ साली मालगुजारी गेली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. काल एका प्रांतात असलेले सोयरे आज दोन राज्यांचे झाले.

फेब्रुवारी १९५९मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या या कारखान्यानं देशभरातून पोरं ओढून घेतली. आजोबा त्यांतलेच एक. १९६१ साली वळकटी घेऊन आले आणि रुळांच्या विभागात तपासणीच्या कामाला लागले. पुढची सदतीस वर्षं त्यांनी रूळ पाहिले. सरळ आहे का, भेग आहे का, माप बरोबर आहे का, आणि रुळाच्या अंगावर उमटलेली कारखान्याची खूण नि वर्ष नीट वाचता येतं का. “खुणेवाचून रूळ म्हणजे बिननावाचं पोर,” असं ते म्हणत.

निवृत्तीच्या पैशातून १९९८ साली कुरुदला घर झालं. तेव्हा कोहक्याच्या पुढं धानाचे बांध होते, पावसात बेडकांचा गजर असे. आता बांधांच्या जागी गल्ल्या आल्या, रानडुकरांच्या जागी मोटरसायकली. दुनळीला राखायला धान उरलं नाही. ती राहिली ती आजोबांच्या परवान्यावर आणि आजीच्या थट्टेत.

पुण्याचा फोन

“बाबा, विकून टाका,” पुण्याचा थोरला मुलगा फोनवर म्हणाला. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. घरात नातवंडं येतात-जातात, आजोबांचं वय झालं, परवान्याच्या खेपा कोण घालणार? पण त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. “इम्पोर्टेड आहे ती. इंग्लंडची. असल्या बंदुकांना आज लाखांनी किंमत येते. दोघा भावांत वाटून घेऊ. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही होऊन जाईल.”

धाकटा मुलगा घरातच राहणारा. तो ताडकन म्हणाला, “पणजोबांची वस्तू विकायची? लोक काय म्हणतील?”

झालं! दोघा भावांमध्ये आठवडाभर फोन गेला नाही. आजी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्यांच्या गुडघ्याचं नाव निघालं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

‘इंग्लंडची’ हे कशावरून? दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर इंग्रजीत कलकत्त्याच्या एका दुकानाचं नाव कोरलेलं आहे, त्यावरून. घरातली तीन पिढ्यांची समजूत एवढ्याच अक्षरांवर उभी होती.

आजोबांनी नातीला हाक मारली. ती धाकट्याची मुलगी, सत्तावीस वर्षांची, भिलाईतल्याच एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात नोकरी करते. आजोबांचं काम तिच्या वाट्याला आलं, असं घरात कौतुकानं म्हणतात.

“बेटा, रूळ कुणी विकला हे दुकानाच्या पाटीवरून कळतं. कुणी केला ते कशावरून?”

“खुणेवरून, आजोबा.”

“मग खूण बघू.”

दुनळीची एक सोय आहे. हत्याराशिवाय तिचे तीन भाग होतात. नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढायचा, बंदूक बिजागरीवर मोडायची, म्हणजे उघडायची, आणि नळ्या उचलून बाजूला घ्यायच्या. उरतो तो दस्ता आणि त्याला जोडलेली कळ. आजोबा तिचे भाग नेहमी असेच वेगवेगळे, वेगवेगळ्या कुलपांत ठेवतात. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री, मग बाकीचं, हा त्यांचा नेम. ती खात्री ते स्वतः करतात आणि मग समोरच्याकडूनही करून घेतात.

नळ्या उलट्या करून त्यांच्या मुळाशी असलेल्या सपाट भागावर नातीनं भिंग धरलं. इंग्लंडची असती, तर तिथं बर्मिंगहॅमचा किंवा लंडनचा मुकुट असलेला ठसा दिसायला हवा होता. दिसलं वेगळंच. एका लंबगोलात ‘ईएलजी’ ही तीन अक्षरं, शेजारी एका खांबासारखी आकृती, एक चिमुकला सिंह आणि त्याच्याखाली ‘पीव्ही’.

“ही इंग्लंडची नाही, आजोबा. ही बेल्जियमची.”

लिएजची कसोटी

बेल्जियममध्ये लिएज नावाचं गाव आहे. बंदुका करण्याचा धंदा तिथं शतकानुशतकांचा. आपल्याकडे येवल्याला घरोघरी माग असावेत, तसं त्या खोऱ्यातल्या घराघरांतून बंदुकीचं काम चाले. एका घरी नळी, दुसऱ्या घरी कळ, तिसऱ्या घरी दस्ता. कुणी फक्त नक्षी कोरणारा. व्यापारी हे भाग गोळा करायचा, जुळवून घ्यायचा आणि जगभर पाठवायचा. कारखान्याचा डोलारा नाही, कामाची विभागणी बारीक, मजुरी बेताची. म्हणून लिएजची दुनळी इंग्लंडच्या दुनळीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडे. ज्याला लंडनची नावं परवडत नसत, तो बेल्जियमची घेई. आफ्रिकेतला शेतकरी घेई, अमेरिकेतला घेई आणि वैनगंगेच्या काठचा छोटा मालगुजारही घेई.

हिंदुस्थानातल्या बड्या शस्त्रविक्रेत्यांच्या दुकानांतून बाहेरून आलेल्या बंदुका दुकानाचं नाव घालून विकल्या जात. कलकत्त्याचे मँटन, रॉडा ही तेव्हाची मोठी नावं. रॉडा कंपनीचं नाव तर स्वातंत्र्याच्या इतिहासातही आहे. ऑगस्ट १९१४मध्ये तिच्या मालातली पन्नास माउझर पिस्तुलं बंगालच्या क्रांतिकारकांनी दिवसाढवळ्या पळवली होती. अशा दुकानाचं नाव पट्टीवर असलं की घेणाऱ्याला ती दुकानदाराचीच वाटे. माल मात्र कधी बर्मिंगहॅमचा असे, कधी लिएजचा.

मग स्वस्त म्हणजे कमअस्सल का? इथंच त्या लंबगोल ठशाची गोष्ट येते. लिएजमध्ये १६७२ सालापासून बंदुकांची सरकारी कसोटी आहे. नेहमीच्या काडतुसापेक्षा बराच जास्त दाब देणारा बार भरून नळ्या उडवून पाहायच्या, टिकल्या तर ठसा मारायचा आणि फुगल्या, तडकल्या तर बाद. ती खांबासारखी आकृती म्हणजे लिएजच्या चौकातला ‘पेरॉन’, त्या गावाची निशाणी. सिंह आणि ‘पीव्ही’ याचा अर्थ असा की नळ्या नव्या, बिनधुराच्या दारूवर कसोटीला उतरल्या आहेत. त्याआधीच्या काळातल्या, फक्त काळ्या दारूसाठी केलेल्या नळ्यांना हा ठसा नसतो आणि त्यांत आजचं काडतूस घालणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

करणाऱ्याचं नाव त्या दुनळीवर कुठंही नव्हतं. ज्यांनी ती घडवली, त्या चार-पाच घरांतल्या माणसांची नावं कुणालाच कळणार नाहीत. पण तिची परीक्षा झाली होती आणि परीक्षेचा दाखला तिच्या अंगावर होता. आजोबा बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, “तपासणारा चोख होता.”

नातीनं आणखी एक गोष्ट टिपली. ठशांच्या ओळीत १२ आणि ६५ हे आकडे होते. १२ म्हणजे बोअर. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एका पौंडाच्या बाराव्या हिश्श्याची असते, म्हणून बारा बोअर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आणि ६५ म्हणजे काडतूस बसतं त्या खोलीची लांबी, मिलिमीटरमध्ये. तिनं तिच्या मापानं मोजून पाहिलं. बरोबर ६५. तिनं ते वहीत लिहून ठेवलं. पुढं हाच आकडा कामाला येणार होता.

मडकं वाजवून घ्यावं तसं

किंमत काढायची तर जाणत्याला दाखवायला हवी. आजोबांनी रायपूरला एका परवानाधारक दुकानात जुना मिस्त्री आहे असं ऐकलं होतं. परवाना, दुनळी आणि नात घेऊन ते गेले.

मिस्त्रीनं दुकानाचं नाव वाचलंसुद्धा नाही. नळ्या सुट्या केल्या, बोटावर लोंबत्या धरल्या आणि नखानं टिचकी मारली. घंटेसारखा लांब नाद निघाला. आपल्या बायका बाजारात मडकं वाजवून घेतात, तोच न्याय. नळ्या आणि मधली पट्टी यांचा डाग कुठं सुटला असेल, तर आवाज बद येतो. मग त्यानं नळ्यांतून उजेडाकडं पाहिलं. आत पोचा किंवा गंजाचे खड्डे आहेत का. बंदूक जोडून, पुढचं लाकूड काढून, दस्ता धरून हलवली. बिजागरी खुळखुळते का. शेवटी पातळ कागदाची पट्टी नळ्या आणि पाठीच्या मधे ठेवून बंदूक मिटली आणि कागद ओढला. निघाला नाही.

“बाबूजी, इसको किसी ने बहुत प्यार से रखा है,” तो म्हणाला. आजोबा नुसते हसले. आजी तिथं असत्या तर काहीतरी बोलल्याच असत्या.

मग मिस्त्रीनं समजावलं. महाग दुनळीत आणि या दुनळीत फरक आहेच. महागडीत रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते. हिच्यात नुसती वर उचलली जाते, काढावी हातानं लागते. महागडीचं अक्रोडाचं लाकूड रेघारेघांचं, हिचं साधं. महागडीवर बोटभर जागा नक्षीवाचून नसते, हिच्यावर दोन पानं आणि एक बदक, तेही जरा लठ्ठ. पण नळ्या सरळ, सांधा घट्ट, कळ साधी आणि दुरुस्त होण्यासारखी.

स्वस्त दुनळीची पारख जगभर याच कसोटीनं करावी लागते. स्पेनमधल्या एइबार गावच्या दुनळ्या, रशियातल्या इझेव्स्कच्या, तुर्कस्तानातल्या हुगलू गावच्या या सगळ्या परदेशांत ‘परवडणाऱ्या’ म्हणून ओळखल्या जातात. हुगलूचा कारखाना तर १९६२ साली गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून उभारला. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला हे ऐकून आपलंसंच वाटेल. अशा मालात काय वगळलं आहे ते पाहायचं. नक्षी वगळली, लाकूड साधं घेतलं, तर बिघडलं कुठं? पण नळ्यांत कसर केली, सांध्यात कसर केली, तर ती वस्तू फुकटही महाग. दुनळीत तर एक खोच आणखी असते. दोन नळ्या शेजारी शेजारी, पण दोन्हींचे छर्रे ठरल्या अंतरावर एकाच जागी पडले पाहिजेत. म्हणून त्या पूर्ण समांतर नसतात, टोकाकडं किंचित जवळ आणून डागतात. हे काम हाताचं आणि नजरेचं. तिथं घाई केली की डावी नळी एकीकडं, उजवी दुसरीकडं.

“और दाम?” आजोबांनी विचारलं.

मिस्त्रीनं आकडा सांगितला. पुण्याच्या मुलाच्या मनात जे होतं, त्याचा पाचवा हिस्सादेखील नव्हता. आणि त्यातही एक मेख होती. “ये दाम भी बंदूक का कम, बंद दरवाजे का ज्यादा है।” त्याचं म्हणणं खरं होतं. ऐंशीच्या दशकात सरकारनं विदेशी बंदुकांची खासगी आयात बंद केली. नामवंत नेमबाजांना तेवढी सवलत राहिली. त्यामुळं देशात ज्या विदेशी बंदुका आधीच होत्या, त्यांच्यात भर पडेना आणि त्यांचा भाव चढत गेला. युरोपात अशी बिननावाची बेल्जियन दुनळी मामुली किमतीला मिळते. टंचाईनं वाढलेला भाव आणि वस्तूची योग्यता यांत अंतर असतं. शिवाय घेणाऱ्याकडं स्वतःचा परवाना हवा; २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात, त्यामुळं गिऱ्हाईकही थोडं.

रात्री थोरल्याला फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आजोबांना फसवलं दुकानदारानं?”

“फसवलं असतं तर ती १९३८पासून टिकली नसती,” आजोबा म्हणाले. “तुझ्या आजोबांना इंग्लंडची परवडणारी नव्हती. त्यांना धान राखायचं होतं. धान राखेल एवढी बंदूक त्यांनी घेतली आणि तिनं राखलं. त्यात फसवणूक कुठं आली?”

फक्त दोन बार

हिवाळ्यात नातवाचं लग्न ठरलं. नातीचा भाऊ तो, घरातला मोठा नातू. वरात निघायच्या आदल्या संध्याकाळी मांडवात पाहुणे जमले होते. कुणीतरी विषय काढला आणि धाकट्या मुलानं आजोबांपुढं येऊन हळूच म्हटलं, “बाबा, वरात निघताना फक्त दोन बार. हवेत. व्याही मंडळींना वाटलं पाहिजे, कुणाच्या घरी मुलगी देतोय ते. मागं तुम्ही आणलेली काडतुसं आहेत ना?”

काडतुसं होती. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होणारी, ‘शक्तिमान’ छापाची, परवान्यावर नोंद करून वर्षांपूर्वी घेतलेली आणि तशीच पडलेली. आजोबा काही बोलण्याआधी नात उठली. तिनं काडतुसाचा डबा मागून घेतला, त्यावरचा आकडा वाचला आणि आपली वही उघडून बापापुढं धरली.

“बाबा, हे काडतूस ७० मिलिमीटरचं. बंदुकीची खोली ६५ची.”

“मग बसणारच नाही!” धाकटा म्हणाला.

“बसतं. तीच तर फसगत आहे.”

तिनं सांगितलं ते मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं. काडतुसाच्या तोंडाची घडी मिटलेली असते, तेव्हा ते आखूड असतं आणि जुन्या खोलीत सहज जातं. ७० हे माप बार उडून घडी उलगडल्यानंतरचं. ६५च्या खोलीत ती घडी उलगडायला जागा पुरत नाही. ती पुढं अरुंद होणाऱ्या नळीत घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि आतला दाब वाढतो. जी नळी ज्या मापावर कसोटीला उतरली, त्याबाहेरचं तिच्याकडून मागितलं, तर तिचा दाखला निरुपयोगी. आणि ती फुटली तर कुठं फुटेल? चाप ओढणाऱ्याच्या डाव्या हाताखाली.

धाकट्याचा चेहरा उतरला. कारण त्यानं मनाशी ठरवलं होतं की बार आपल्या मुलाच्या, म्हणजे नवरदेवाच्या हातून उडवायचा.

आता आजोबा बोलले. आवाज चढवला नाही. “आणि माप जुळलं असतं, तरी उडवू दिला नसता. परवाना माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. लग्नात बार उडवणं २०१९पासून गुन्हा आहे. दोन वर्षं कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हवेत उडवलेलं हवेत राहत नाही, बाबू. कुणाच्या तरी गच्चीवर कुणीतरी पोर उभं असतं.”

त्या वरातीत बँडवाल्यांनी जीव तोडून वाजवलं. दुनळी कुलपातच होती. व्याही मंडळींच्या नजरेतून काहीच कमी झालं नाही. उलट जाताना नवरीच्या वडिलांनी आजोबांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, “काका, मांडवातलं कानावर आलं. आमची पोर शहाण्या घरात आली.”

नाव कुणाचं?

लग्नाचा मांडव उतरला आणि प्रश्न पुन्हा पुढं आला. २०१६च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावानं करण्यासाठी अर्ज करता येतो. अधिकारी वारसाची चौकशी करतात, पात्र वाटला तर परवाना देतात. न जमल्यास बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडं द्यायची किंवा पोलिसांत जमा करायची. माणूस गेल्यावर घाईगर्दीत कागद शोधण्यापेक्षा हे बरं. कित्येक घरांत म्हातारे जातात, बंदूक कपाटात राहते आणि परवाना संपलेलं शस्त्र ठेवल्याबद्दल भलतंच लचांड मागं लागतं.

थोरला दिवाळीनंतर लग्नाला आला होता, तो चार दिवस अधिक राहिला. त्यानं विक्रीचा हट्ट सोडला होता. पण त्यानं एक प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. “राखायला धान नाही, शिकार कायद्यानं बंद, बार उडवायचा नाही. मग ठेवायची कशाला?”

उत्तर कुणालाच पटकन सुचेना. आजोबांनीही दिलं नाही. त्यांनी आजींकडं पाहिलं. “तुम्ही सांगा. तुमच्या गुडघ्याचा प्रश्न आहे.”

आजींना हसू आलं. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. गुडघ्याचं दोघं पोरं बघतील, ते सवतीला विकून नको. पण ठेवायची तर जो तिला वहीत लिहून ठेवील, त्याच्याकडं द्या. जो मिरवील त्याच्याकडं नको.”

सगळ्यांच्या नजरा एकीकडं वळल्या. नातीनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं दोन दिवस मागितले. बंदूक घेणं म्हणजे नियमांप्रमाणं प्रशिक्षण, पोलीस चौकशी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, प्रत्येक निवडणुकीला ठाणं. उद्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर तिथं परवान्यात बदल. सासरची माणसं काय म्हणतील, तेही आलंच. तिसऱ्या दिवशी तिनं अट घालून होकार दिला. घरात काडतूस एकही राहणार नाही; आहेत ती विक्रेत्याकडं जमा करायची. नळ्या आणि दस्ता वेगवेगळ्या कुलपांत. आणि परवाना नाही मिळाला, तर कुणी खटपट-वशिला करायचा नाही. सरळ जमा करून टाकायची.

धाकट्याला वाईट वाटलं असेल. पण दुर्गच्या कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला मुलीबरोबर तोच गेला. अर्जात शस्त्राचं वर्णन लिहायचं होतं. “इंग्लंड लिहू?” त्यानं सवयीनं विचारलं आणि मग स्वतःच खोडून सांगितलं, “बेल्जियम लिही. लिएज.”

अर्ज अजून कचेरीत आहे. चौकशीला पोलीस येऊन गेले, चहा पिऊन गेले. आजोबा रविवारी तेल लावतात, पण आता नात शेजारी बसते आणि फडकं ती फिरवते. आजोबा फक्त सांगतात, “कोपऱ्यात बोट जाऊ दे. गंज कोपऱ्यातून येतो.”

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर दुनळी आणि व्हर्नियर शेजारी शेजारी ठेवलं होतं. आजींनी दोघांना हळदीकुंकू वाहिलं आणि दरवर्षीचं वाक्य आलं नाही. नातीनं विचारलं, “आजी, सवतीला काही बोलला नाहीत?”

“आता ती माझी सवत राहिली का?” आजी म्हणाल्या. “तुझी पोर झाली. तिचे हाल तू बघ.” आणि गुडघ्यावर हात टेकत त्या प्रसादाचं ताट आणायला उठल्या.